खड्डा, डाग आणि उजेड

जुलै महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याच्या बाजारात फिरणाऱ्या माणसांचे चेहरे नितळ दिसतात. आंबोलीच्या बाजूनं आलेले ढग आठवडा-आठवडा हलत नाहीत, उजेड साऱ्या आभाळातून सारखाच झिरपतो आणि कशाचीच धड सावली पडत नाही. तीच माणसं मे महिन्यात, लगीनसराईत, मांडवाबाहेर टळटळीत दुपारी भेटली की गालावरचे जुने खड्डे, मुरमांच्या खुणा, डोळ्यांखालची खोबण असं सगळं उठून दिसतं. मधल्या काळात चेहऱ्याला काहीही झालेलं नसतं. डाग झाकण्याच्या विद्येची सुरुवात इथून, म्हणजे उजेडापासून करायला हवी. बहुतेक जण ती क्रीमच्या डबीपासून करतात आणि फसतात.

चेहऱ्यावर नको वाटणाऱ्या ज्या ज्या गोष्टी असतात त्या दोन जातींच्या. एक रंगाची: वांग, मुरूम बरा झाल्यावर मागे राहिलेला काळपट ठिपका, जन्मखूण, कोडाचा पांढरा डाग. दुसरी आकाराची: देवीचे किंवा कांजिण्यांचे वण, मुरमांनी पाडलेले खड्डे, चामखीळ, वर आलेली पुटकुळी. रंगावर रंग चढवता येतो. खड्ड्यावर चढवलेला रंग मात्र खड्ड्यातच जाऊन बसतो, कारण खड्डा दिसतो तो त्याच्या काठाच्या सावलीमुळे. सावली काही रंगानं पुसली जात नाही. शेणानं सारवलेली जमीन भर दुपारी सपाट दिसते आणि संध्याकाळी दारातून तिरपं ऊन आत आलं की सारवणाऱ्या हाताचा प्रत्येक फेर त्यावर उमटलेला दिसतो, तसंच हे. फक्त गाल हा जमिनीसारखा आडवा नसून उभा असतो. त्यामुळे जमिनीला जे संध्याकाळचं ऊन करतं, ते गालाला भर दुपारचं, डोक्यावरचं ऊन करतं. मंगल कार्यालयाच्या छतात बसवलेले खाली तोंड केलेले दिवेही नेमकं तेच करतात.

खड्डेदार चेहरे आज कमी दिसतात. दोन पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात ते दर काही घरांमागे एक असत. देवीच्या विषाणूमुळे कातडीतल्या तेलग्रंथी नष्ट होतात. अशा ग्रंथींची दाटी चेहऱ्यावर सर्वांत जास्त, म्हणून सर्वांत खोल वणही चेहऱ्यावरच. देवीतून वाचलेल्यांपैकी ६५ ते ८० टक्के लोकांच्या अंगावर असे वण कायमचे राहत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. भारतातली पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. पुढं दीडशेहून अधिक वर्षं गावोगाव ‘देवी डॉक्टर’ फिरत राहिले आणि मे १९७५ मध्ये देशातल्या शेवटच्या रुग्णाची नोंद झाली. चेहऱ्यावरचे खड्डे घालवण्याचं एवढं मोठं काम दुसऱ्या कुणी केलेलं नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या इतिहासात मात्र लसीचं नाव कधी येत नाही.

लस नव्हती तेव्हा लोक थापत. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिला १५६२ मध्ये देवी आल्या होत्या. तिच्या काळातल्या उमराव स्त्रिया शिशाच्या पांढऱ्या भुकटीचा लेप चेहऱ्याला देत. तो दिसायला घट्ट आणि सुंदर. कातडीला आणि रक्ताला विषारी. सतराव्या शतकात तिकडच्या शौकिनांनी वेगळी वाट काढली. वणावर ते काळ्या रेशमाची टिकली चिकटवत. झाकणं जमत नसेल तर तिथंच नजर खिळवून ठेवायची, हा त्यातला डाव.

आपल्याकडची रंगभूषेची पेटी फार वेगळी नव्हती. सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ आणि मुर्दाडशिंग ही जुन्या मराठी नाटकवाल्यांची द्रव्यं. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं आणि मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचं संयुग. रोज रात्री हे चेहऱ्यावर चोळून पहाटेपर्यंत गाणाऱ्या नटांच्या तब्येतीचा विचार केला की अंगावर काटा येतो. पण हे जाड लिंपण तेव्हा चालून जाई, त्याचंही कारण उजेडच. रंगमंचाच्या कडेला ओळीनं मांडलेले दिवे खालून वर प्रकाश टाकत. रोजच्या जगण्यात उजेड वरून येतो आणि भुवईची, नाकाची सावली खाली पडते. तिथं सगळ्या सावल्या उलट्या होत. डोळ्यांखालची खोबण त्यामुळे आपोआप उजळून निघे, आणि हनुवटीखालचा नको तो भाग उगाच लखलखे. प्रेक्षक दूर, दिवा मिणमिणता. बारीकसारीक डाग झाकण्याची नटाला गरजच नसे.

त्याला गरज होती ती दाढी झाकण्याची. मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषच करत. नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांचं उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. आजऱ्याहून आंबोलीचा घाट उतरलं की लागणाऱ्या सावंतवाडी-कुडाळकडच्या दशावतारात ही परंपरा अजून चालू आहे. तिथं नट आपला पेटारा उघडतो, आरसा टेकवतो आणि स्वतःच्या हातानं स्वतःचा चेहरा रंगवतो. वेगळा रंगभूषाकार नसतो. कितीही घोटून दाढी केली तरी गालाच्या खालच्या भागावर निळसर-करडी झाक उरते. केस काळे असले तरी ते कातडीच्या आत असतात. कातडीतून आत शिरणाऱ्या उजेडापैकी निळा भाग वरच्या थरांत विखरून लवकर माघारी येतो आणि तांबडा खोल जाऊन काळ्या केसांत शोषला जातो. म्हणून आत दडलेलं काळं आपल्याला निळं दिसतं. यावर कातडीच्या रंगाचा लेप थेट दिला तर निळ्यात तो मिसळून मेलेला, राखाडी रंग दिसू लागतो. उपाय असा की आधी तांबूस-नारिंगी हात मारायचा, निळ्याला त्यानं मारायचं आणि मग वरून अंगाचा रंग द्यायचा.

आज ज्याला ‘कलर करेक्टर’ म्हणून बारीकशा डबीत महाग विकतात, तो हाच हिशेब. एकमेकांच्या विरुद्ध असलेले दोन रंग मिसळले की दोघेही बुजतात. लालबुंद मुरमावर हिरवट थर, जांभळट खुणेवर पिवळा, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यांवरच्या डोळ्यांखालच्या काळेपणावर नारिंगी किंवा विटकरी. गोऱ्या कातडीसाठी लिहिलेल्या पुस्तकांत या शेवटच्या जागी फिकट गुलाबी सुचवलेला असतो. तो आपल्याकडे कामाचा नाही, उलट डोळ्यांखाली राख लावल्यासारखं दिसतं.

कोल्हापूरनं या प्रकरणात वेगळंच पान जोडलं. बाबूराव पेंटर आणि नात्यानं त्यांचे भाऊ लागणारे आनंदराव हे मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे चित्रकार. बाबूरावांनी कॅमेरा जुळवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्या काळची सर्रास वापरातली फिल्म तांबड्या रंगाला आंधळी होती. निळा आणि हिरवा उजेड ती टिपे, तांबडा तिला अंधारासारखा. परिणाम असा की गुलाबी गाल करडे, लाल ओठ काळे, आणि उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसणारी एखादी लालसर पुटकुळी पडद्यावर शाईच्या ठिपक्यासारखी ठळक. निखळ, निरोगी लाली हाच तिथं डाग ठरे. म्हणून मूकपटाच्या जमान्यात जगभरच्या नटांचे चेहरे पिवळट-पांढुरक्या लेपानं मढवलेले असत. प्रत्यक्षात पाहणाऱ्याला ते विचित्र दिसत असणार. पडद्यावर मात्र माणसासारखे दिसत.

याच बाबूरावांनी ‘सिंहगड’मध्ये, १९२३ साली, कृत्रिम दिव्यांचा वापर केला. तोवर आपल्याकडचं चित्रीकरण सूर्याच्या मर्जीवर चाले. पातळ कापडाचे पडदे ताणून ऊन मऊ करायचं आणि पत्र्यांनी ते नटाच्या चेहऱ्याकडे वळवायचं. दिवा हातात आल्यावर उजेड कुठून टाकायचा हे माणूस ठरवू लागला. मला तर वाटतं, चेहऱ्यावरचे वण झाकण्याच्या बाबतीत कुठल्याही लेपापेक्षा हा बदल मोठा. दिवा कॅमेऱ्याच्या जवळून, समोरून टाकला तर खड्ड्याच्या काठाला सावलीच पडत नाही. १९२९ मध्ये कोल्हापुरातच विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी ‘प्रभात’ उभी केली तोवर तांबडंही टिपणारी नवी फिल्म जगात रुळू लागली होती आणि तिच्यासोबत चेहऱ्याचे लेपही बदलत होते. पुढं रंगीत चित्रपट, मग दूरचित्रवाणी, मग एकेक रोमछिद्र मोजणारा डिजिटल कॅमेरा. पंढरीदादा जुकर यांच्या पिढीच्या रंगभूषाकारांनी ही सगळी स्थित्यंतरं एकाच आयुष्यात पाहिली. त्यांच्या डोळ्यांदेखत लेप पातळ होत गेला. कॅमेरा जितका तीक्ष्ण, तितकी रंगभूषा कमी. नाही तर झाकण्यासाठी लावलेलं झाकणच दिसतं.

आता तालुक्याच्या गावातल्या आजच्या नवरीकडे येऊ. पार्लरमधल्या आरशाभोवती चहूबाजूंनी दिवे असतात किंवा समोर गोल रिंगलाइट. दोन्हींत सावली नाही. त्यामुळे तिथं बसून पाहिलेला चेहरा कायम खऱ्यापेक्षा गुळगुळीत भासतो. मेकअप झाला की नवरीनं उठून दारात, नाही तर खिडकीशी जावं आणि हातातल्या आरशात पाहावं. खड्डा झाकला गेला की नाही ते तिथं कळतं. बहुधा गेलेला नसतो. सिलिकोनचं प्रायमर रोमछिद्रं आणि बारीक रेघा भरून काढतं, मुरमाच्या खोल खड्ड्यांपुढं त्याचं चालत नाही. अशा वेळी जाड थर देण्याची चूक हमखास होते. थर घामानं सुटतो, खड्ड्यात गोळा होतो आणि प्रत्येक खड्ड्याला वेगळा काठ फुटतो. तिथं थर पातळ ठेवावा, चमक टाळावी (चकाकीमुळे उंचसखलपणा दुप्पट दिसतो) आणि फोटोग्राफरशी आधी बोलून घ्यावं. तो दिवा किती वर, किती बाजूला ठेवणार यावर गालाचं निम्मं भवितव्य ठरतं. वण खरोखर कमी करायचे असतील तर ते त्वचारोगतज्ज्ञाचं काम आहे, आणि त्याला महिने लागतात. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तिकडं जाऊ नये.

डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांतही हेच दोन प्रकार दडलेले असतात. हातात आरसा घ्यावा, खिडकीसमोर उभं राहावं आणि हनुवटी वर करून उजेड सरळ चेहऱ्यावर पडू द्यावा. काळेपणा गेला तर ती खोबणीची सावली होती; तिथं नारिंगी लावून काही होणार नाही, फार तर कातडीपेक्षा एक छटा उजळ रंग खोबणीच्या तळाशी द्यावा. काळेपणा राहिला तर तो रंग आहे, आणि रंगाला रंगाचा उपाय चालतो.

रंगाच्या डागांवर काम करणारी द्रव्यं मोजकी आहेत. कुठल्याही फाउंडेशनमध्ये किंवा कन्सीलरमध्ये पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड असतं आणि पिवळ्या, तांबड्या, काळ्या छटांसाठी लोखंडाचे ऑक्साइड. म्हणजे गेरू आणि गंजाच्या कुळातलीच मंडळी. पांढऱ्याचं प्रमाण जास्त झालं की सावळ्या चेहऱ्यावर राखाडी साय येते. फ्लॅशच्या फोटोत तर चेहरा मानेपासून तुटून पांढराफटक निघतो. छटा निवडताना मनगटावर लावून पाहायची दुकानातली सवय निरुपयोगी. जबड्याच्या कडेला, मानेजवळ लावावं, पंधरा मिनिटं थांबावं, आणि दुकानाबाहेर येऊन पाहावं. डागावर रंग घासून पसरू नये. बारीक कुंचल्यानं किंवा बोटाच्या टोकानं थोपटत बसवावा, कडा तेवढ्या विरवाव्यात आणि वर पावडर दाबावी. आजऱ्यासारख्या दमट हवेत, आणि मे महिन्यातल्या होमाच्या धगीत तर विशेष, एका जाड थरापेक्षा पावडर दाबत चढवलेले दोन पातळ थर जास्त टिकतात.

वांगाच्या बाबतीत या लोखंडी रंगांचा एक फायदा बऱ्याच जणींना ठाऊक नसतो. गाल, कपाळ आणि वरचा ओठ यांवर पसरणाऱ्या वांगाला गरोदरपणातले संप्रेरकांचे बदल, आनुवंशिकता आणि ऊन कारण होतं. सुश्रुतानं त्याला ‘व्यंग’ म्हणून क्षुद्ररोगांत बसवलंय. वांग नुसत्या अतिनील किरणांनी चिघळत नाही, डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही ते वाढवतो. साध्या पांढऱ्या सनस्क्रीनमधून तो उजेड बराचसा आत जातो. लोखंडाचे ऑक्साइड तो अडवतात. म्हणून वांगावर कातडीच्या रंगाचं, म्हणजे टिंट असलेलं सनस्क्रीन लावलं की डाग झाकलाही जातो आणि त्याच्या वाढण्यालाही आळा बसतो. झाकण आणि औषध एकाच ट्यूबमध्ये मिळण्याची ही दुर्मीळ जागा.

याच्या अगदी उलट टोकाला ‘डाग घालवणारी’ क्रीम आहेत. झाकणारा मेकअप संध्याकाळी धुऊन निघतो. ही क्रीम कातडीच्या आत शिरून रंग बनण्याची क्रियाच रोखतात आणि त्यांतली काही त्यापलीकडेही जातात. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका कुटुंबाची बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत होती. आई आणि दोन मुली अशा तिघींची मूत्रपिंडं बिघडली. तिघी एकच क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी झाली तेव्हा त्यात पारा निघाला. केरळातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनीही मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ मधले २२ रुग्ण अभ्यासले. त्यांतल्या १५ जणांमध्ये एकच खूण सापडली आणि त्या १५ पैकी १३ जण उजळपणाची क्रीम वापरत होते. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांना उतार पडला. पारा कातडीचा रंग बनवणारं विकर अडवतो, त्यामुळे परिणाम भराभर दिसतो. आणि या भराभर परिणामाचीच तोंडी जाहिरात होते. हिंगूळ लावणाऱ्या जुन्या नटांना निदान पर्याय नव्हता.

दुसरा प्रकार स्टेरॉइडच्या मलमांचा. खाज-गजकर्णावरची मलमं मैत्रिणीच्या सल्ल्यानं चेहऱ्याला लावली जातात. आठवडाभर चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, मुरूम उठतात, बारीक लव वाढते आणि मलम थांबवलं की आग होते. म्हणून ते थांबत नाही. सरकारनं २०१८ मध्ये अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती काउंटरवरून सहज मिळतात, हे कुणालाही तपासून पाहता येईल. डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी यांपैकी काही नसेल तर ती घेऊ नये. घटकांत ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरस क्लोराइड’ किंवा ‘कॅलोमेल’ दिसलं, तर पाऱ्यानं आपलं नाव स्वतःच सांगितलंय असं समजावं.

राहिला कोडाचा पांढरा डाग. कातडीचा रंग बनवणाऱ्या पेशीच तिथून गेलेल्या असतात. तो संसर्गानं पसरत नाही, दुखत नाही, आणि तरीही मराठी घरांत लग्नाच्या बोलण्यांत याच्याइतकं दुसरं काही दडवलं जात नाही. इथं झाकण्याची गोष्ट आरशापुरती उरत नाही. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी स्वतः कोडाचा अनुभव घेत ‘श्वेता असोसिएशन’ उभी केली. स्वमदत गट आणि वधूवर मेळावे अशी कामं ती संस्था करते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा चित्रपट २००६ मध्ये याच विषयावर आला, देविका दफ्तरदार त्यात प्रमुख भूमिकेत होत्या.

पांढऱ्या डागासाठी साधं कन्सीलर अपुरं पडतं, कारण कडेचा रंग आणि आतला पांढरा यांत फार अंतर असतं. त्यासाठी ‘कॅमोफ्लाज’ जातीची क्रीम वेगळी बनतात. साध्या फाउंडेशनच्या मानानं त्यांत रंगद्रव्य कितीतरी जास्त, कधी पाव भागापर्यंत, आणि पाण्यानं न निघणारा मेणचट पाया. ही कल्पना न्यूयॉर्कच्या लिडिया ओलिअरी हिची. तिच्या चेहऱ्यावर जन्मापासून मोठा जांभळट डाग होता. १९२८ मध्ये तिनं तो झाकणारी क्रीम बनवली आणि १९३२ मध्ये तिला पेटंट मिळालं. त्यासाठी तिनं अधिकाऱ्यांसमोर स्वतःच्या चेहऱ्यावरचा लेप पुसून दाखवला, असं सांगतात.

दुसरी पद्धत चोळण्याची नाही, चढवण्याची. डीएचए हे साखरेच्या कुळातलं द्रव्य कातडीच्या सर्वांत वरच्या, मेलेल्या थरातल्या प्रथिनांशी जुळून तपकिरी रंग देतं. तो काही तासांत चढतो, पाण्यानं जात नाही, कपड्याला लागत नाही, आणि ती कातडी जसजशी झडते तसा पाच-सात दिवसांत उतरतो. तळहात आणि कोपरावर तो गडद चढतो, कारण तिथला थर जाड. चेहऱ्यावर लावण्याआधी कानामागे लावून छटा पाहून घ्यावी. हा रंग खऱ्या रंगासारखा दिसला तरी उन्हापासून जवळजवळ काहीच वाचवत नाही, आणि पांढरा डाग तर थोड्याशा उन्हातही भाजतो. त्यामुळे सनस्क्रीन दोन्ही पद्धतींत लागतंच, फक्त क्रम उलटा: क्रीमनं झाकायचं असेल तर सनस्क्रीन आधी आणि रंग वर, डीएचए असेल तर कातडी कोरडी, कशाचाही हात न लावलेली हवी, आणि सनस्क्रीन रंग पुरता चढल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळपासून.